बोकडाचं नागरिकत्व

पिंपळदरीचे सरपंच दौलतराव यांचा बोकड गावभर मोकाट हिंडायचा आणि त्याला हटकायची कुणाची टाप नव्हती. एके दिवशी त्यानं शाळेच्या परसबागेतली सगळी मेथी फस्त केली. नववीतल्या हर्षालीनं ती रोज पाणी घालून वाढवली होती. तिचं डोकं फिरलं आणि तिनं बोकड शाळेच्या खांबाला बांधून टाकला.

दौलतराव तणतणत आले. त्यांच्यामागून निम्मं गाव आलं.

"काय गं, नागरिकशास्त्र शिकतेस ना?" ते मिशीवर हात फिरवत म्हणाले. "घटनेनं देशात कुठंही फिरायचं स्वातंत्र्य दिलंय. सोड त्याला."

हर्षालीचा धडा पक्का होता. "सोडते, आबा. पण ते स्वातंत्र्य नागरिकाला असतं. बोकड नागरिक ठरला, तर उद्या निवडणुकीलाही उभा राहील."

"राहू दे की," दौलतराव हसले.

"मग तुमचं अवघड आहे. तो रोज घरोघरी जातो. तुम्ही पाच वर्षांतून एकदाच येता."

गाव खो खो हसलं. दौलतरावांनी दोरी सोडली आणि बोकड घरी नेला. दुसऱ्या दिवसापासून बोकड गोठ्यात बांधलेला असायचा आणि सरपंच घरोघरी हिंडताना दिसायचे.