भुंग्या, राखुंडी आणि मध्ये उभा राहिलेला सांगर

वाचणाऱ्या लहानथोरांनो, आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले असेल. शब्दही रोजच्या वापरातलेच आहेत. गोष्ट मात्र मन लावून लिहिली आहे, तेवढी गोड मानून घ्या.

आपल्या पणज्यांच्या पणज्यांनाही ज्याचे नाव आठवत नसे, अशा एका राजाच्या राज्यात, माळावरच्या एका गावी एक सांगर राहत होता. सांगर म्हणजे मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणारा. या सांगराची वीण इतकी घट्ट होती, की त्याच्या घोंगडीतून पाण्याचा थेंब आत येत नसे. स्वभावाने मात्र तो फार भित्रा होता. आभाळ निरभ्र असले तरी तो दोनदा बाहेर येऊन वर बघून जाई. बायकोला विहिरीवरून यायला जरा उशीर झाला, की त्याला ती विहिरीत पडलेली दिसू लागे.

ही बायको माहेराहून येताना कुत्र्याचे एक पिल्लू घेऊन आली होती. ते वाढून चांगले थोराड झाले होते. काळाभोर रंग, म्हणून नाव भुंग्या. अंगणात लोकरीचे ढीग उघड्यावर पडलेले असत, पण भुंग्यामुळे चोर त्या वाटेला जात नसत.

एका वर्षी सांगराच्या थोरल्या बहिणीचा नवरा वारला. सासरी तिचे म्हणावे असे कोणी उरले नाही. सांगर स्वतः तिला आणायला गेला. अक्का निघाली ती एक गाठोडे आणि एक झाकलेली टोपली घेऊन. टोपलीत मांजर होती. राखेसारखा रंग, म्हणून तिचे नाव राखुंडी.

"हिला मागे ठेवून मी येणार नाही," अक्का म्हणाली.

सांगर हो म्हणाला. पण वाटभर त्याचे लक्ष टोपलीकडे होते.

गावाच्या अलीकडे त्याला लोकर देणारा धनगर भेटला. धनगराला बोलायला कोणी मिळाले, की तो मेंढ्या विसरे. टोपलीत काय आहे ते कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. अक्का मागून सावकाश येत होती, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला, "कुत्रं आणि मांजर एका छपराखाली? माझ्या मामाच्या गावात एकानं ठेवली होती. बाजारातून परत आला, तर अंगणात नुसते केस. आणि तुझ्याकडं तर आता नणंद-भावजयही झाल्या. सांगरा, तू घोंगड्या विणणार की तंटे सोडवणार?"

धनगर आपल्याच बोलण्यावर हसत पुढे गेला. सांगर हसला नाही. घर येईपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर ते केस होते.

अंगणात अक्काने टोपली उघडली. राखुंडीने डोके वर काढले. भुंग्या उठून उभा राहिला. त्याने आधी मांजरीकडे पाहिले, मग मालकाकडे. सांगराने कोपऱ्यातली काठी उचलली आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर जोरात आपटली. भुंग्या दचकून भुंकला. भुंकणे ऐकून राखुंडी फुगली, फिस्कारली आणि घरात पळून शिडीने माळ्यावर गेली.

"बघितलंत?" सांगर दोघींना म्हणाला. "मला हे ठाऊकच होतं."

त्या दिवसापासून काठी कायम त्याच्या हाताशी असे. त्याने भुंग्याला कडुनिंबाला बांधले. राखुंडीला माळ्यावर ठेवून शिडी काढून घेतली. तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना, म्हणून घराच्या मधोमध एक जाड घोंगडी पडद्यासारखी लावली. पुढची बाजू कुत्र्याची, मागची मांजरीची. विणायला बसला, की कान मागे लागलेले. माळ्यावर जरा खुट्ट वाजले, की तो आडवा धागा ओवायचा धोटा हातातून टाकून उठे, काठी घेई आणि अंगणात धाव घेई. त्याला धावताना पाहून भुंग्या भुंकू लागे. भुंग्या भुंकला, की माळ्यावर राखुंडी गुरगुरे. आणि सांगर मनात म्हणे, मी वेळेवर आलो म्हणून बरे, नाहीतर आज काही खरे नव्हते.

पण घर काही फक्त जनावरांचे नव्हते. जेवणापुरते दोघांना सोडावेच लागे; राखुंडी तेव्हा अक्काच्या मांडीशी बसायची, तर भुंग्या बायकोच्या हातूनच खायचा. म्हणून सांगराने जेवणेही वेगळी केली. बायकोने पडद्यापुढे आधी जेवायचे, अक्काने पडद्यामागे नंतर. खरे कारण सांगायला त्याला भीती वाटली. तुझ्या कुत्र्यामुळे म्हणावे तर बायको दुखावेल, तुझ्या मांजरीमुळे म्हणावे तर बहीण. म्हणून त्याने बायकोला सांगितले, की अक्काला एकटीने जेवायची सवय आहे. अक्काला सांगितले, की हिला कामाची घाई असते. दोघींनीही मान हलवली. दोघींनीही पुन्हा विचारले नाही.

हळूहळू त्या एकमेकींशी कामापुरतेच बोलू लागल्या. पडद्याच्या एका बाजूला एक चरख्यावर सूत काढायची, दुसऱ्या बाजूला दुसरी लोकर पिंजायची, आणि घरात चरख्याच्या आवाजाशिवाय आवाज नसे. सांगराला वाटले, वादळापूर्वीची शांतता ती हीच. तो आणखी घाबरला.

त्यात उंदीर झाले. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे धागा ताठ राहतो. ती खळ उंदरांना फार आवडते. मांजर माळ्यावर अडकलेली, उंदीर खाली मोकळे. मागावर चढवलेले सूत त्यांनी कुरतडून टाकले. बांधलेल्या भुंग्यासमोरून एक कोल्हा कोंबडी घेऊन गेला. सांगराची वीणही सैल पडू लागली, कारण त्याचे अर्धे लक्ष नेहमी मागे असे. गावातल्या एकाने घेतलेली घोंगडी परत आणून दिली. "पहिल्या सरीला भिजलो की," तो म्हणाला. असे आजवर कधी झाले नव्हते.

शेवटी सांगराने मन घट्ट केले. धनगराला निरोप दिला, की उद्या सकाळी ये आणि मांजर तुझ्या तळावर घेऊन जा. मग त्याने अक्काला तसे सांगितले.

अक्का म्हणाली, "बरं. तिच्याबरोबर मीही जाते."

"एका मांजरासाठी घर सोडतेस?"

"मांजरासाठी नाही रे, बाळ. जिथं आपलं ताट वेगळं वाढलं जातं, तिथं आपण पाहुणे. पाहुण्यानं किती दिवस राहावं?"

अक्काचे गुडघे दुखत. धनगराचा तळ आज इथे, तर उद्या तिथे. मेंढ्यांमागून या वयात ती कशी चालणार? जाऊ नको म्हणावे, तर कधी ना कधी अंगणात ते केस दिसतील. जा म्हणावे, तर ती माळावर कुठेतरी पडेल. दोन्हीकडे सांगराला भीतीच दिसत होती.

अक्काने गाठोडे बांधून दारापाशी ठेवले. मग पदर खोचत म्हणाली, "तुझा ताणा करायचा राहिलाय ना? एवढा करून देते. तुम्हा दोघांचे हात पुरायचे नाहीत."

ताणा म्हणजे घोंगडीचे उभे सूत. ते अंगणात दोन खुंट्यांच्या मध्ये लांब ताणून बांधतात आणि त्यावर कुंच्याने खळ फिरवतात. हे काम अर्ध्यावर सोडता येत नाही. ओले सूत सैल पडले, की धाग्याला धागा चिकटतो आणि सगळी लोकर वाया जाते.

बायको एका बाजूने आणि अक्का दुसऱ्या बाजूने कुंचा फिरवू लागली. शिडी लावून अक्काने राखुंडीला शेवटचे म्हणून खाली घेतले होते. ती खळीच्या मडक्याजवळ बसली होती. भुंग्या कडुनिंबाला बांधलेला होता. सांगर काठी काखेत धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

निम्म्या सुताला खळ लागली असेल, तोच एका टोकाची खुंटी जमिनीतून उपटून निघाली.

सांगराने काठी टाकली आणि ताण्याच्या टोकाला बांधलेला बांबू दोन्ही हातांनी धरला. पाय रोवून, मागे झुकून त्याने सगळा ताण अंगावर घेतला. "दोरी आण, लवकर," तो बायकोला म्हणाला. "झाडाला बांधायला हवं."

बायको धावली. हाताशी दोरी एकच होती. तिने भुंग्याच्या गळ्यातली दोरी सोडली.

"त्याची नको," सांगर म्हणाला. पण तोवर ती सुटली होती.

भुंग्या मोकळा झाला. त्याने अंग झाडले आणि तो सरळ मडक्याकडे निघाला. काठी सांगराच्या पायाशी होती, पण हात सोडला असता तर ताणा गेला असता.

"अक्का, धर तिला," तो कसाबसा म्हणाला.

"माझे दोन्ही हात खळीत आहेत," अक्का म्हणाली. "तू ताणा सोडू नकोस."

भुंग्या राखुंडीपासून हातभर अंतरावर थांबला. त्याने सवयीप्रमाणे मान वळवून मालकाकडे पाहिले. मालक ना ओरडला, ना धावला. त्याला ते शक्यच नव्हते. भुंग्याने पुन्हा मांजरीकडे तोंड केले आणि तिला हुंगले. सांगराने डोळे मिटून घेतले.

एक फिस्कारणे ऐकू आले, मग एक बारीक केकाटणे. मग काहीच नाही.

त्याने घाबरत डोळे उघडले. राखुंडीने भुंग्याच्या नाकावर एक चापट दिली होती. भुंग्या नाक चाटत दोन पावले मागे सरकून बसला होता. राखुंडी अंगावरची खळ चाटत होती. थोड्या वेळाने भुंग्याने पुढच्या पायांवर हनुवटी टेकली.

"एवढंच?" सांगर म्हणाला.

बायको बांबू झाडाला बांधत होती. तिला आधी हसू आले, मग राग आला. "अहो, तो तिच्यावर कधी भुंकतच नव्हता. तुमच्या काठीला भ्यायचा. तुम्ही धावलात की त्याला वाटायचं, काहीतरी वाईट आलंय घरात."

अक्का म्हणाली, "आणि मी म्हणत होते, एवढा भुंकतो म्हणजे भावजयीनंच शिकवलं असेल."

बायकोचा हात थांबला. "वन्सं, मी? मला तर वाटायचं, तुम्हाला माझ्या पंक्तीला बसायला आवडत नाही. एकटीनं जेवायची सवय आहे म्हणाले हे."

"मला म्हणाला, तुला घाई असते."

दोघींनी एकदम सांगराकडे पाहिले. तो मोकळ्या हातांनी तसाच मागे झुकून उभा होता. हे लक्षात आल्यावर तो सरळ झाला.

"मला भीती वाटली," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही भांडाल म्हणून."

"भांडलो असतो की," अक्का म्हणाली. "चार दिवस भांडलो असतो, पाचव्या दिवशी एकत्र जेवलो असतो. तू आम्हाला भांडूही दिलं नाहीस."

त्याने कुंचा उचलला आणि तिघांनी मिळून खळ लावून संपवली. ऊन उतरेपर्यंत ताणा वाळला. त्या संध्याकाळी तीन ताटे एका ओळीत वाढली गेली. बायकोची भाकर जाड होते असे अक्काने तिला तोंडावर सांगितले. बायकोने उद्याच्या भाकरी मग वन्संनीच थापाव्यात असे उत्तर दिले. सांगराचा घास हातातच राहिला. पण दोघी बोलता बोलता हसतही होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनगर आला. त्याने बाहेरूनच हाक मारली. सांगर उत्तर द्यायला उठू लागला, तेवढ्यात अक्का दारात गेली. "ताक पी आणि जा," तिने त्याला सांगितले. "इथून कुणी यायचं नाही."

सांगर मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात उतरला आणि अंगणाकडे पाठ करून बसला. थोड्या वेळाने मागून भुंग्याचे गुरगुरणे ऐकू आले, त्यावर राखुंडीचे फिस्कारणे. त्याचा हात थांबला. मान वळू पाहत होती. त्याने ती वळू दिली नाही. त्याने धोटा फेकला, धागा ठोकून घट्ट बसवला आणि पुन्हा धोटा फेकला.

तात्पर्य: दोघांत भांडण होईल या भीतीने जो कायम त्यांच्या मध्ये उभा राहतो, तो त्यांना एकमेकांचे होऊच देत नाही.