काठोकाठ भरलेली परात

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक तांबट राहत होता. त्याने घासलेल्या भांड्यात तोंड पाहून लोक भांग पाडत. कुठल्या भांड्याला एवढासा पोचा दिसला, तरी त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे.

मार्गशीर्षात त्याची एकुलती एक लेक सासरी गेली. परसात एका लाकडी पेटीत तिने मधमाश्या पाळल्या होत्या. लग्नाच्या पंगतीसाठी त्यांचा होता नव्हता तेवढा मध काढला गेला, आणि ते तिच्या मनाला फार लागलं. निघताना बापाचा हात धरून ती म्हणाली, "आबा, पांगारा फुलेपर्यंत माझ्या माश्यांना उपाशी ठेवू नका. आत त्यांची पिल्लं आहेत. खडीसाखरेचं पाणी द्या, साधंही द्या. शिमग्याला मी येईन, तेव्हा पेटी रिकामी दिसायला नको."

माघ लागला, ओढा आटला. तांबटाने मुद्दाम नवी परात घडवली, कल्हई केली, आरशासारखी लखलखीत घासली आणि पाण्याने काठोकाठ भरून पेटीसमोर ठेवली. शेजारी साखरपाण्याची वाटी, तीही काठोकाठ. पाहुण्याला अर्धा तांब्या द्यायची त्याच्या घरची रीतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी परातीत अकरा माश्या मरून तरंगत होत्या. वाटीत तर पंख चिकटलेल्यांचा थरच होता. पाणी कमी पडलं असेल, म्हणून एकमेकींवर पडल्या असतील, असं या शहाण्याला वाटलं. त्याने आणखी मोठी परात घडवली. मग आणखी माश्या मेल्या. तो पेटीला कान लावी, तर आतली गुणगुण रोज बारीक होत चालली होती. लेकीला काय तोंड दाखवू, म्हणून तो खरोखरच रडला.

एका सकाळी काही माश्या कुंपणापलीकडे जाताना दिसल्या. तो मागोमाग गेला. शेजारच्या परटिणीने लुगडी वाळत घातली होती, आणि त्यांच्या ओल्या पदरावर माश्या ओळीने बसून निवांत पाणी पीत होत्या. माझ्या लेकीच्या माश्या फितवल्यास, म्हणून तांबट तिच्यावर उखडला. तिने हातातलं लुगडं पिळत सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्याबरोबर परसात आली.

परातीकडे पाहून ती म्हणाली, "तांबटदादा, भांडं सुरेखच आहे. पण तुम्ही भरलंत काठोकाठ, आणि कडा या अशा गुळगुळीत. त्यांनी पाय कुठं टेकायचे?"

तांबट खाली बसला. परातीत त्याला फक्त स्वतःचंच तोंड दिसत होतं. मग त्याने हातोडी आणली.

परातीत चार खडे टाकले असते तरी भागलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण तांबटाला हातोडीवाचून दुसरं काय सुचणार? जन्मभर लोकांच्या भांड्यांचे पोचे काढणाऱ्या त्या माणसाने आपल्या सगळ्यात देखण्या परातीला स्वतःच्या हाताने पोचे पाडले. एक बाजू ठोकून ठोकून त्याने घाटासारखी उतरती आणि खरबरीत केली. पाणी आता थोडंच मावे, म्हणून तो दिवसातून पाच वेळा उठून भरी. साखरपाण्यात त्याने परटिणीकडची चिंधी भिजत घातली.

माश्या आल्या, पोच्यांच्या कडेला उभ्या राहिल्या, पोटभर प्याल्या आणि आपल्या पिल्लांकडे परतल्या. त्या दिवशी एकही बुडाली नाही.

शिमग्याला लेक आली, तेव्हा पांगारा लालभडक फुलला होता आणि पेटी घुमत होती. तिने परात उचलून पाहिली. पोच्यांवरून बोट फिरवता फिरवता तिचे डोळे भरले.

"आबा, हे तुम्ही केलंत?"

"पाणी मी पहिल्यापासून देत होतो, बाई," तांबट म्हणाला. "काठ द्यायला तेवढा उशीर झाला."

तात्पर्य: किती दिलं, याने देणं मोठं होत नाही, घेणाऱ्याला पाय टेकून घेता यावं, एवढी जागा देणाऱ्याने ठेवावी.