मारुतीशेठचं सुतक

नवीन नोकरीत घरचं माणूस गेलं, तर रजा कशी मागायची? बऱ्याच जणांना विचारलं, कुणीच सांगितलं नाही.

यंत्रमागावर लागून मला आठवडाच झाला होता आणि दादा गेला. आईवडील आधीच गेलेले, त्यामुळे दहावं करायला मीच एकटा. कारखान्याच्या दारातूनच रजा मागितली. मारुतीशेठ नव्या मागांच्या पूजेला बसले होते.

"आठवड्यात रजा?" शेठ गरजले. "नव्या पोरांनी ध्यानात ठेवावं, कारखाना म्हणजे घर. आपण सगळे एकाच घरातले!"

माझं डोकं फिरलं. "एकाच घरातले ना, शेठ? मग दादाचं सुतक तुम्हालाही आलं. उठा पाटावरून!"

भटजींनी हातातली पळी खाली ठेवली.

"अहो, ह्याचं घर वेगळं, माझं वेगळं!" शेठ घाईघाईनं म्हणाले. "जा रे बाबा, सुतक फिटेपर्यंत येऊ नकोस!"

सगळे हसले. नोकरीला लागणाऱ्यांनो, मालक घर म्हणाला की सुतकाचं तेवढं विचारून घ्या.

दहाव्याला नदीकाठी माझ्यासोबत कुणी नव्हतं. पिंडाला कावळा शिवेना. दादाला माझीच काळजी असणार. मी हात जोडले आणि म्हणालो, "मी कुणाशी भांडणार नाही. जा तू, दादा."