पोपटांची साडी

“ते कळलं गं. पण तुला काय हवंय?”

शालनअक्कांनी पुन्हा तेच विचारलं, आणि चैत्रालीनंही पुन्हा तेच उत्तर दिलं.

“मला काहीही चालेल.”

हे सांगताना तिच्या आवाजात थोडी ऐट होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तरी नवी सून कशालाच नाही म्हणत नाही, ही कीर्ती गल्लीच्या टोकापर्यंत पोचली होती. चहा गोड असो की फिक्का, पोळी पहिली मिळो की शेवटची, तिला चालायचं. माहेरीही आत्या कौतुकानं सांगायची, या पोरीचा काही त्रासच नाही.

आज मात्र गाडी अडली होती.

पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकवाला सगळी गल्ली सून बघायला येणार. सासूबाईंनी सकाळी हातात पिशवी दिली आणि म्हणाल्या, अक्कांच्या बुटीकमध्ये जा, तुला आवडेल ती घेऊन ये. एवढं बोलून त्या वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसल्या. सोबत काही आल्या नाहीत.

तुला आवडेल ती... म्हणजे नक्की कोणाला आवडेल ती, याचा विचार करत चैत्राली बाजारपेठेतून चालत आली होती. चुकली तर घरात कोणी रागावणार नव्हतं. नुसतं ‘असू दे’ म्हणणार होते. तिला त्या ‘असू दे’चीच धास्ती होती.

अक्कांचं बुटीक म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. भिंतीभर कप्पे, एक आरसा, एक स्टूल, खाली सतरंजी. अक्का गिऱ्हाइकाला कधी ‘छान दिसतंय’ म्हणत नाहीत, असं गावात बोललं जाई. बायका चिडून निघून जात, आणि पुढच्या सणाला परत येत.

“आमच्या आईंना काय आवडेल, तेवढं सांगा,” चैत्राली म्हणाली. “तुम्ही ओळखता त्यांना.”

अक्का उठल्या. दारामागच्या खिळ्यावरून एक साडी काढली आणि सतरंजीवर पसरली.

साडी भडक नारिंगी. पदरावर टिकल्यांचे जांभळे पोपट, एकाचा डोळा उसवलेला. काठाला गोंडे, तेही हिरवे. ही साडी कोणी विणली असेल, आणि त्या दिवशी त्याचं घरी काय बिनसलं असेल, असं चैत्रालीच्या मनात येऊन गेलं.

अक्कांनी साडीची घडी घातली, तिच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी तिच्याकडे सरकवली.

“घे.”

“अक्का... ही?”

“काहीही चालेल म्हणालीस ना.”

चैत्राली पिशवीकडे बघत राहिली. एक पोपट पिशवीतून तिच्याकडे बघत होता, तोच, डोळा उसवलेला.

“नको,” ती म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिनंच दचकून मागं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

“हं,” अक्का म्हणाल्या. “आता बसू.”

मग त्यांनी काळ्या साड्या काढायला सुरुवात केली. पहिली भरजरी. चैत्राली म्हणाली, ही नेसून मी मांडवातल्या खांबासारखी दिसेन. दुसरी चमचम करणारी, तीही नको. तिसरीला नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण तिच्यावर हात थांबेना. आपल्याला इतकं काही नको असतं, हे तिला नवीनच होतं. मजाही वाटत होती आणि थोडी भीतीही.

एका साडीवर मात्र हात थांबला. साधी सुती, काळीभोर, हळदीच्या रंगाचे काठ. जर नाही, बुट्टा नाही. लहानपणी पाटीवर ओढलेल्या रेघेसारखी स्वच्छ.

ती बराच वेळ काठावरून बोट फिरवत बसली. अक्का खिडकीतून रस्ता बघत होत्या.

“पण ही फार साधी नाही ना वाटणार?” तिनं हळूच विचारलं. “आईंना...”

अक्कांनी पिशवीतल्या पोपटांकडे हात नेला.

“हीच द्या,” चैत्राली घाईनं म्हणाली.

अक्का पहिल्यांदा हसल्या. पोपटांची साडी पुन्हा खिळ्यावर गेली, काळी पिशवीत आली. काम झालं होतं. पण चैत्राली उठेना. तिची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली होती.

“आई येतात ना इथे?”

अक्का म्हणाल्या, येते की. नणंदांबरोबर येते, जावांबरोबर येते. त्या स्टुलावर बसते. त्यांनी काही दाखवलं की मान हलवते. कधी मी म्हटलं, तूही बघ एखादी...

“तर काय म्हणतात?”

“तू आल्या आल्या म्हणालीस तेच.”

चैत्रालीला सासूबाईंचं कपाट आठवलं. वरपासून खालपर्यंत बिस्किटी रंग. त्यांना तो आवडतो, असं ती धरून चालली होती. एकदा तिनं विचारलंही होतं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, मळखाऊ असतो गं, बरा पडतो.

बरा पडतो... आवडतो असं त्या म्हणाल्याच नव्हत्या.

बाहेर तिळगुळाच्या गाडीवाल्यानं घंटा वाजवली आणि तो पुढं गेला.

“अक्का, त्यांच्यासाठीही एक द्या. हळदीकुंकवाला नेसतील.”

“कोणती देऊ?”

चैत्रालीनं तोंड उघडलं. राणी रंगाची म्हणावं, की हिरवी... तोंड तसंच मिटलं. ती कपाट भरून साड्या ओळखत होती, आणि त्यातली एकही सासूबाईंच्या आवडीची नव्हती.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “बहुतेक त्यांनाही नाही.”

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारामागे गेल्या. खिळ्यावरची पोपटांची साडी काढली, नीट घडी घातली आणि चैत्रालीच्या पिशवीत, काळ्या साडीच्या वर, ठेवून दिली.

“आधी तिला ही दाखव.”