चोच लागलेला भात

शोणपुरात अरिंदम राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या नदीघाटावर धान्याचा पारखी होता. पल्याडच्या राज्यातला भात नावांतून या घाटावर उतरे. दोन्ही राजांचा तसा करारच होता. पण करारात एक कलम असं, की पाखराची चोच लागलेला दाणा उष्टा, ते पोतं परत. कुणा वैद्याच्या डोक्यातलं खूळ, दुसरं काय!

त्या वर्षी धुक्यातून नावा हलकेच तरंगत आल्या. शेवटच्या नावेत उत्पला नावाची शेतकरीण आपलं एकुलतं पोतं कवटाळून बसली होती. इतरांच्या भाताला ओरखडा नव्हता, हिच्या भातात टोचलेले दाणे. भात परत आला तर शेत काढून घेईन, असं गावप्रमुखानं तिला बजावलं होतं.

पारखी पोती बघेचना, वरच बघत राहिला. दरवर्षी नावांमागून पोपट-चिमण्यांचे थवे कलकलत येत. आज आभाळ गप्प होतं, वल्ह्याखाली पाणी तेवढं चुळुकचुळुक वाजत होतं.

"बाई, पाखरं कुठं गेली गं?" त्यानं विचारलं.

उत्पलेला रडूच फुटलं. "मारली, दादा! चोच लागू नये म्हणून सगळ्यांनी लोंब्यांवर बचनागाचं विषारी पाणी शिंपडलं. माझा मेलीचा हातच उचलेना."

पारखी तिला घेऊन थेट राजवाड्यात गेला. राजाच्या नातीचं त्या दिवशी उष्टावण होतं. नव्या भातासाठी अंगणात उखळं मांडलेली, आणि बाळ आजोबांच्या मांडीवर बोटं चोखत बसलेलं.

पारख्यानं भाताच्या दोन भरल्या मुठींतली एक उघडली. उत्पलेचा भात अंगणात सांडला, तशा वळचणीच्या चिमण्या भुर्रकन उतरल्या, दाणे टिपून पुन्हा वर जाऊन बसल्या.

"शी! उष्टा!" राजा म्हणाला. "करारातला भात कुठाय?"

"या मुठीत, महाराज. पण ती उघडणार नाही. चिमण्या मरतील."

"उघड म्हणतो ना! नाहीतर घाट सुटला तुझा."

"सुटू दे. जो भात चिमण्यांपुढे टाकवत नाही, तो या लेकराला कसा भरवू?"

राजाचा चेहरा उतरला. त्यानं नातीला छातीशी घट्ट धरलं, आणि उखळांपाशी उभ्या बायकांना हातानंच थांबवलं. मग उत्पलेकडे वळून म्हणाला, "माई, तुझा भात देशील?"

बाळाचा पहिला घास उत्पलेनं भरवला. तिचं शेत तिच्याकडेच राहिलं. विषारी भात खोल पुरला, आणि पल्याडच्या गावांना राजाच्या कोठारातून वर्षभर धान्य गेलं. करारात नवं कलम आलं: ज्या पोत्यात एकही टोचलेला दाणा नाही, ते बाजूला काढावं आणि पाखरं कुठं गेली ते आधी विचारावं.

मागच्या जन्माची ही गोष्ट भिक्षूंना सांगून शास्ते भगवान हसले. "तेव्हाची उत्पला म्हणजे दारात तांदूळ घेऊन उभी असलेली ही उपासिका. राजा म्हणजे भिक्षेत डागी फळ आलं की नाक मुरडणारा आपला हा भिक्षू. मूठ न उघडणारा पारखी मीच होतो. भिक्षूंनो, जीवमात्राविषयीच्या या मायेलाच मैत्री म्हणतात."