फणीची वाट पाहणारा कुत्रा

एका माळरानावर, बंद बंगल्याच्या फाटकाशी, एक इवलासा कुत्रा राहत असे. बाळांनो, तो काही रानातला नव्हता. आई एका जातीची, वडील दुसऱ्या जातीचे. शहरातल्या माणसांनी हौसेनं जुळवून आणलेलं ते पिल्लू. मांजराएवढं अंग, मण्यांसारखे डोळे आणि लोकरीसारखे कुरळे केस. ते केस गळायचे नाहीत, नुसते वाढायचे. म्हणून त्याला रोज फणी लागे, कान पुसून द्यावे लागत, आणि सगळ्यांत जास्त लागे ती सोबत. एकटा राहिला की त्याला कापरं भरे. आधी घरातल्या मुलीनं त्याला मांडीवर घेऊन मोठ्या कौतुकानं फणी केली. मग तिला कंटाळा आला. सुट्टी संपली, गाडीत गाद्या चढल्या, पिशव्या चढल्या, कुत्रा तेवढा खाली राहिला.

"नवी फणी आणायला गेली असतील," तो स्वतःशी म्हणे, आणि रस्त्याकडे बघत बसे. केसांत कुसळं अडकली, जटा झाल्या, डोळ्यांवर केसांची झापडं आली. फाटकावरचा कावळा म्हणाला, "काय हो जटाधारी, तपाला बसलात? देव कधी पावणार?" कुत्रा म्हणाला, "देव नाही रे, गाडी येणार आहे."

पावसाळा सरला, तसा माळावर मेंढरांचा तळ पडला. एक म्हातारी मेंढी त्याला म्हणाली, "लेकरा, असा एकटा कुडकुडत काय बसतोस? आमच्यात ये. गाडी आली की आवाज येईलच की." कुत्रा तिच्या कुशीत शिरला. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी लोकर कातरायची होती! धनगराच्या म्हाताऱ्या आईला दिसायचं कमी. तिनं त्यालाही पाय धरून ओढलं आणि कातर चालवली. अर्धं अंग मोकळं झालं, तेव्हा कोकरू भुंकलं. म्हातारी पोट धरधरून हसली. मग तिचा हात त्याच्या कातडीवरून फिरला. जागोजागी कुसळं रुतून जखमा झाल्या होत्या. ती हसायची थांबली. तिनं एकेक कुसळ काढलं, खोबरेल लावलं, घोंगडीच्या तुकड्यात त्याला गुंडाळलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती त्याला मांडीवर घेई आणि आपल्याच लाकडी फणीनं विंचरी. कुत्रा डोळे मिटून पडून राही. कान मात्र रस्त्याकडे.

थंडीत तळ हलला. मेंढी म्हणाली, "चल." कुत्रा जागचा हलेना. "ती आली आणि मी दिसलोच नाही तर?" तेवढ्यात खरंच गाडी आली! कुत्रा धावला, मुलीच्या पायांत घोटाळला, तिचा हात चाटू लागला. मुलगी मागं सरली. "आई, हा बघ कुणाचा कुत्रा! आपल्या कुत्र्याचे केस केवढे छान होते ना?" आई म्हणाली, "धनगरांचं दिसतंय कुठलंतरी. फाटक लावून घे." फाटक लागलं. कुत्रा फटीला नाक लावून बसला. आतून हसण्याचे आवाज येत होते, ओळखीचे.

ऊन कललं. फणीची वेळ झाली. वळणावरून हाक आली, "कुठं राहिलं गं माझं कोकरू?" कळप पुढं गेला होता, म्हातारी तेवढी काठी टेकून उभी होती, आणि तिच्याजवळ ती मेंढी. कावळा आज चिडवत नव्हता. हळूच म्हणाला, "जा रे. तुझी गाडी तिकडं थांबलीय." कुत्र्यानं एकदा फाटकाकडे पाहिलं, मग धूम पळत सुटला. त्या रात्रीच्या तळावरही त्याची मान मध्येच रस्त्याकडे वळे. म्हातारी रागावली नाही. फणी तशीच फिरत राहिली, जटा होऊ नयेत इतक्या मायेनं.

तात्पर्य : मुका जीव घरी आणला की वसा घेतला असं समजावं, उतू नये, मातू नये, रोजची फणी चुकवू नये.