वर वाढलेलं ताट

एकदा एक बाई एका जाणत्या म्हाताऱ्याला, दमलेल्या माणसाला धीर कसा द्यावा हे दाखवायला निघाली. म्हाताऱ्याने डोंगर जन्मभर पायाखाली घातलेला आणि बाईने यूट्यूबवरची भाषणं ऐकलेली. ती बाई मीच. आधीच कबूल करून टाकते, नाहीतर मैत्रिणी सांगतीलच.

माझा छंद जरा विचित्र आहे. पूर्वी कधी डोंगरात पडलेल्या विमानांच्या जागा मी शोधत हिंडते. शेवाळलेला पत्रा, गंजलेलं चाक दिसलं की फोटो काढते आणि घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळते. "लोक देवदर्शनाला जातात, तू अपघातदर्शनाला," असं नवरा म्हणतो.

त्या खेपेस सोबत आमच्या सोसायटीतल्या ललितामावशी होत्या. वय अडुसष्ट. त्या चार वर्षांच्या असताना त्यांचे वडील एका मालवाहू विमानात वायरलेसवर होते. आम्ही निघालो होतो त्याच डोंगरावर ते विमान आदळलं. आतले चौघेही गेले. मावशींच्या आईला ती जागा बघायची होती, ते राहूनच गेलं. आता मावशींच्याही गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. "या खेपेला नाही तर कधीच नाही," त्या म्हणाल्या होत्या.

वाट दाखवायला पायथ्याच्या वाडीतले धावजीबाबा. पंचाहत्तरी ओलांडलेले, अनवाणी.

शेवटचा चढ राहिला आणि मावशी मटकन बसल्या. वर कड्याखाली इंजिनाचा काळा सांगाडा दिसत होता.

"बास. इथूनच नमस्कार करते."

मी लगेच सुरू झाले. "मावशी, मन घट्ट केलं ना की सगळं जमतं! खोल श्वास घ्या..."

"अगं, श्वासच तर येत नाहीये!"

बाबांनी पिशवीतून एक वेडीवाकडी ॲल्युमिनियमची ताटली काढली. कडेला ओळीने बारीक भोकं. तिच्यात वरईचा भात वाढला, उडदाचं आमटीसारखं घुटं ओतलं, भाकरी ठेवली. मला वाटलं, आता मावशींना देतील. तर ताटली घेऊन हा माणूस तरातरा वर निघाला! इंजिनापाशी दगडावर ती ठेवली आणि तिथून हाक मारली, "ताई, वाढलंय! या जेवायला!"

माझं डोकंच फिरलं. "अहो बाबा, उपाशी आहेत त्या! खाली आणा ते!"

"ते खाली न्हाय यायचं," बाबा वरूनच ओरडले आणि ताटाशेजारी मांडी घालून बसले.

मावशींनी वर ताटलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काठी दे गं माझी."

चार पावलं काठीने, मग कारवीची झुडपं धरत, एक टप्पा तर बसून, चढाकडे पाठ करून मागे मागे सरकत. दहा मिनिटांच्या चढाला पाऊण तास लागला. मी दोनदा "शाब्बास!" म्हटलं, दोन्ही वेळा "तू गप्प बस" ऐकून घेतलं. शेवटी इंजिनावर हात टेकून त्या उभ्या राहिल्या. वडिलांना त्या दादा म्हणत. कडा दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "दादा, मी आले!"

धावजीबाबांनी त्यांना आधी पाणी दिलं, मग माझ्याकडे वळले.

"विमान पडलं तवा मी बारा वर्साचा. आवाज ऐकून माझा बाप भाकरी-पाणी घेऊन वर पळाला. लांबून आल्याली माणसं, भुकेली असतील, असं वाटलं त्याला. बघतो तर जेवायला कुनीच उरलं न्हवतं. भाकरी तशीच माघारी आणली. त्याला ते मरंस्तवर लागून राहिलं. मग हितलाच विमानाचा पत्रा ठोकून त्यानं ही ताटली केली. म्हणला, त्यांचं कुनीतरी यील, त्याला हितंच वाढायचं. खाली दिलं असतं तर ताईंची नुसती भूक भागली असती. हितं माझ्या बापाचा पाव्हणा जेवतोय. चौसष्ट वर्सं ही ताटली रिकामी व्हती."

मावशी जेवल्या. पहिल्या घासाला डोळे पुसले, दुसऱ्याला नाक, तिसऱ्यापासून मात्र नीट लक्ष घालून जेवल्या. घुटं दोनदा मागून घेतलं. बाबा त्यांच्याकडे असे बघत होते, जणू त्यांचा स्वतःचा बापच कुस्ती मारून आला होता.

मी मावशींना उपदेश करत होते, बाबांनी बोलावणं दिलं. चढणाऱ्याला उपदेश लागत नाही, वर कुणीतरी वाट बघत असावं लागतं.

माझी भाकरी बाबांनी माझ्या हातावर ठेवली. मी जरा लाडात येऊन म्हटलं, "बाबा, मलाही वाढा ना त्या ताटलीत! अशी विमानं बघायला सात डोंगर चढलेय मी."

बाबांनी माझ्या भाकरीवर चटणी ठेवली.

"तुमचं कोन पडलंय हितं?"